एकट्याच आलायसा व्हय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एकटीनं केलेल्या एसटी प्रवासाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली तीन इथं घेतलीत, थोडी काटछाट करून. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझं वय ४७, कोल्हापुरात शाहूपुरीत राहते. मुलगा पुण्यात जॉबला, मुलीचं लग्न झालं, मिस्टरांचं दुकान आहे. मी कुठं फिरलेच नाही असं नाही, तिरुपती झालं, अष्टविनायक झाले, गोवा झाला, पण कायम सगळ्यांबरोबर. गेली दोन वर्षं मनात एकच घेतलंय की हंपीला एकटीनं जायचं. मिस्टर म्हणतात दिवाळीनंतर सगळेच जाऊया की, सासूबाई म्हणतात एकटी बाई फिरायला लागली की घरात काहीतरी बिनसलंय असं लोकांना वाटतं. घरात काहीच बिनसलेलं नाही ओ. पण मग एकटीलाच का जायचंय ह्याचं उत्तर मला पण देता येत नाही. हे घरापासून पळणं आहे का?

उत्तर : पळणारं माणूस दोन वर्षं थांबत नाही, आणि पत्र लिहून विचारत तर नाहीच, त्यामुळं ते पहिलं डोक्यातून काढा.

आता मला सांगा, तिरुपतीला गेला होता तेव्हाचं तुम्हाला काय आठवतंय? मी सांगते काय आठवत असेल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कुठल्या पिशवीत ठेवलीय, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, मिस्टरांचा चार्जर, पोरांना गाडी लागते म्हणून घेतलेलं लिंबू, रांगेत कोण मागं राहिलं, चपला कुठं काढल्या. आणि देव? देव दिसला एवढंच, कारण तेवढ्यात पण मागं वळून बघितलं असणार की सगळ्यांना दिसला का. ट्रिपला जाऊन आपण घरच चालवत असतो, फक्त जागा बदललेली असते. ह्यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही, आपल्याला ते आवडतं पण, आपल्या माणसांचं करण्यात सुख असतंच. पण त्यात स्वतःकडं बघायला फुरसत मिळत नाही ही पण खरी गोष्ट आहे.

मी एकटी पहिल्यांदा बाहेर पडले ती काही लांब नाही, खिद्रापूरला. कोल्हापूरपासून ६० किलोमीटरच्या आसपास, कुरुंदवाडला एसटी बदलायची. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. समोर नंदी नाही. आत जायच्या आधी स्वर्गमंडप लागतो, त्याच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा ठेवलीय, साधारण १३ फूट व्यासाची, आणि बरोबर त्याच्या खाली जमिनीवर तेवढाच गोल दगड. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या गोलावर येतो म्हणून रात्री लोक येतात, ते सगळ्यांना माहितीय. मी गेले तेव्हा भर दुपार होती आणि देवळात फारसं कुणी नव्हतं. वरून आलेला उन्हाचा गोल दगडाच्या थोडा बाजूला पडला होता, एका खांबाच्या बुडाला टेकलेला, आणि मी बसून राहिले तसा तो हळूहळू सरकत खांबावर चढायला लागला, खांबावरची नक्षी आधी सपाट दिसत होती ती ऊन तिरपं झाल्यावर उठून दिसायला लागली. ह्या आधी मी त्या देवळात घरच्यांबरोबर येऊन गेले होते आणि मला हे काहीच दिसलं नव्हतं, कारण वीस मिनिटांत कुणीतरी म्हणालं होतं, झालं का बघून, चला, वाडीला आरती चुकंल.

तिथं पायरीवर एक आजी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "एकट्याच आलायसा व्हय?" मी म्हणलं हो. मला वाटलं आता पुढचा प्रश्न मिस्टर कुठायत, पोरंबाळं किती. तर त्या म्हणाल्या, "बरं केलासा. निवांत बघा." एवढंच. आपण घरातल्या घरात लोक काय म्हणतील ह्याची एवढी तयारी करून बाहेर पडतो आणि लोक बऱ्याचदा असलं काहीतरी बोलतात.

पण खरं जे कळलं ते त्याच्यानंतर, नृसिंहवाडीत. भूक लागलेली. समोर हॉटेलं, एकात मिसळ, एकात थाळी, आणि मला ठरवताच येईना. म्हणजे अक्षरशः रस्त्यात उभी राहिले. घरी कुणी विचारलं काय खायचं तर मी कायम म्हणायची, काहीपण चालंल, तुम्ही सांगा. वर्षानुवर्षं. आणि त्या दिवशी विचारणारं कुणी नव्हतं तर आतनं उत्तरच येईना. शेवटी मी काय केलं, कवठाची बर्फी घेतली पाव किलो, एक चहा घेतला आणि घाटावर बसून तेच जेवण म्हणून खाल्लं. मला कवठ एवढं आवडतं हे मला लहानपणी माहिती होतं, मधल्या काळात ते कुठं गेलं होतं काय माहिती. घरात कुणाला कवठ आवडत नाही म्हणून आणलंच नव्हतं.

लोक आत्मशोध वगैरे म्हणतात ना, माझ्या मते तो ह्याच पातळीवर सुरू होतो. हिमालयात जाऊन साक्षात्कार होतो असं मी तरी कुणाचं जवळून बघितलेलं नाही. पण सकाळी किती वाजता आपोआप जाग येते, चालून किती दमतो, गर्दी आवडते का नाही, एखादी जागा आवडली तर किती वेळ बसावंसं वाटतं, काय न बघता पुढं जावंसं वाटतं, ह्या गोष्टी आपल्या आपल्यालाच माहिती नसतात, कारण विचारायची सवयच मोडलेली असते. तुम्हाला एकटीलाच का जायचंय ह्याचं उत्तर देता येत नाही म्हणताय, ते उत्तर जाऊन आल्यावर मिळेल, आधी मिळायलाच पाहिजे अशी अट घालू नका.

सासूबाईंचं म्हणणं मनावर घेऊ नका पण तोडून पण बोलू नका, त्यांच्या काळात खरंच लोक बोलायचे. त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगा. एप्रिल १८८३ मध्ये १८ वर्षांची मुलगी नवऱ्याला मागं ठेवून कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि तिला नोकरी कुणी दिली, तर आपल्या कोल्हापूर संस्थानानं. इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची जबाबदारी तिच्याकडं येणार होती. दुर्दैवानं तिला हजरच होता आलं नाही, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती गेली. त्या काळात केवढी नावं ठेवली असतील लोकांनी. आज ती नावं ठेवणाऱ्यातला एक माणूस आपल्याला आठवत नाही. आणि ज्या गावानं तेव्हा अशा बाईची वाट बघितली त्या गावातली सून साडेतीनशेक किलोमीटरवरच्या हंपीला गेली तर काय आभाळ कोसळणार आहे?

मिस्टरांचं मात्र वेगळं आहे. ते अडवत नाहीयेत, त्यांना बहुतेक थोडं लागलंय, की मी नको आहे का हिला. हे त्यांच्याशी बोला, दुकान बंद करून आल्यावर, जेवण झाल्यावर, घाई नसताना. दिवाळीनंतर सगळे जायचं ते पण ठेवा, कुठंतरी दुसरीकडं. पण हंपीची तारीख आधी ठरवा, तिकीट काढा आणि मग सगळा प्लॅन एकदमच सांगा, कुठली गाडी, कुठं राहणार, परत कधी. तारखेशिवाय सांगितलं की त्याची चर्चा होते आणि चर्चा झाली की सगळेच येतात.

जायचं कसं तर कोल्हापूरहून सुटणारी तिरुपतीची हरिप्रिया एक्सप्रेस बेळगाव, हुबळी करत होस्पेटवरून जाते, थेट गाडी आहे, बदलाबदली नाही. होस्पेटला पोचेपर्यंत रात्र होते, त्यामुळं पहिला मुक्काम होस्पेटलाच स्टेशनजवळ करा आणि सकाळी हंपीला जा, १३ किलोमीटर आहे, बस असतात. आपलं अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना मिळतं ते, फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत चालतं आणि कर्नाटकातली बायकांची मोफत बस ही तिथल्या रहिवाशांसाठी आहे, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा काळ, एरवी ते दगड एवढे तापतात की दुपारी बाहेर उभं राहवत नाही. कमीत कमी दोन रात्री राहा. विरूपाक्षाचं देऊळ पहाटे बघा, विठ्ठल मंदिरातला दगडी रथ सकाळी लवकर, आणि दुपारी जेवून चक्क झोपा. मातंग टेकडीवर सूर्योदय बघायला लोक अंधारातच चढतात, तिथं एकटीनं जाऊ नका, राहत्या ठिकाणी विचारा, कुणी ना कुणी जाणारं असतंच. भाषेचं टेन्शन घेऊ नका, आपल्याकडं गडहिंग्लज, इचलकरंजीच्या बऱ्याच लोकांना कन्नड कळतं, एखाद्या मैत्रिणीकडून एष्टु (किती) आणि ऊट आयता (जेवण झालं का) एवढं शिकून घ्या, त्यावर चेहरे कसे खुलतात ते बघा.

आणि जायच्या आधी एक काम. इथंच कोल्हापुरात एकदा एकटीनं खानावळीत जाऊन मटणाचं ताट जेवून या. वेटर विचारणार किती जण, तुम्ही म्हणणार एकच, तो म्हणणार पार्सल का? तेव्हा शांतपणे सांगायचं, नाही, इथंच बसणार आहे. तांबडा दोनदा मागून घ्या, पांढरा दोनदा मागून घ्या. पहिली दहा मिनिटं सगळे आपल्याकडंच बघतायत असं वाटतं, नंतर लक्षात येतं की सगळे आपापल्या ताटात बघतायत. ज्या बाईला आपल्याच गावात हे जमलं तिला हंपी अवघड नाही.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये जॉब. पाच वर्षांचं रिलेशन संपलं. मित्र म्हणाले सोलो राईड मार, सगळं क्लिअर होतंय. मग बाईक काढली, गगनबावडा उतरून विजयदुर्ग, मालवण, पुढं गोवा, आणि आंबोलीवरनं परत. फोटो टाकले, सगळे म्हणाले भावा जिंकलास. पण खरं सांगू का, मला काहीच वाटलं नाही. गाडी चालवताना बरं वाटायचं, थांबलो की एकटं वाटायचं, रात्री रूमवर नुसता फोन बघत बसायचो. सगळ्यांना स्वतःचा शोध लागतो मग मला का नाही लागला, माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : अरे बाबा, काही कमी नाही तुझ्यात. उलट तू जे चार ओळीत लिहिलंयस ना तेवढं खरं फार कमी लोक लिहितात.

गाडी चालवताना बरं का वाटत होतं ते बघ. घाटात वळण आलं, समोरनं ट्रक आला, रस्त्यावर खडी आहे, डोकं पूर्ण तिथं असतं, त्यामुळं बाकीचं आत यायला जागा नसते. थांबलास की ते सगळं येतं, कारण ते गेलेलंच नव्हतं. पाच वर्षांचं माणूस आयुष्यातनं गेलं की दुःख होणारच, ते गगनबावड्याच्या घाटात ठेवून येता येत नाही, आणि तसं ठेवून येता आलं नाही तर सोलो ट्रिप फेल गेली असं पण नाही. मित्रांनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण सगळं क्लिअर होतंय हे त्यांनी रीलमध्ये बघितलंय.

दुसरं, तू एवढ्या कमी दिवसात एवढी गावं केलीस की कुठल्याच गावात तू राहिला नाहीस. पोचायचं, फोटो, जेवण, रूम, सकाळी पुढं. ह्यात एकटेपणाचा सगळ्यात वाईट भाग, म्हणजे रात्रीची रूम, रोज नवीन मिळतो, आणि चांगला भाग, म्हणजे कुणीतरी ओळखीचं होणं, तो मिळायच्या आत आपण निघालेलो असतो. एकाच गावात तिसऱ्या दिवशी चहावाला न विचारता चहा पुढं करतो, म्हणतो आज उशीर झाला. तिसरा दिवस यायला लागतो त्याला.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुला एक गोष्ट सापडलीय की, तुला माणसं लागतात. हे पण कळणंच झालं. एकटं फिरून ज्याला त्याला एकटं राहणंच आवडायला लागलं पाहिजे असा काही नियम नाही, कुणाला कळतं की मला माणसांशिवाय करमत नाही, मग त्यानं माणसांत फिरावं. पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करून बघ, १२ जुलै १६६० च्या त्या रात्रीच्या आठवणीत दर जुलैत बरेच ग्रुप जातात, मुसळधार पाऊस, गुडघाभर चिखल, ओळखपाळख नसलेली माणसं, आणि म्हाळुंगे, मसाई पठार करत चालत राहायचं. कुणीतरी घसरतं, कुणीतरी हात देतं, वाड्यावस्त्यांवर लोक चहा देतात. एकटा जा, पण माणसांबरोबर चाल. तुला ते जमेल असं मला फार वाटतंय. एकटं बसायचंच असलं तर लांब नको जाऊस, पहाटे गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास मार आणि रंकाळ्यावर फोन घरी ठेवून एक फेरी कर, रोज, महिनाभर.

पण एक गंभीरपणे विचारते, झोप लागतीय का? जेवण जातंय का? कामावर लक्ष लागतंय का? ह्याचं उत्तर बरेच आठवडे नाही असं असेल तर प्रवास वगैरे बाजूला ठेव आणि बोल कुणाशी तरी. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, १४४१६ नंबर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फौंड्रीत तापलेल्या भट्टीसमोर उभं राहणाऱ्या पोरानं मन दुखतंय म्हणून फोन करणं ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : कागलहून लिहितेय. मुलगी २२ वर्षांची, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करते. परीक्षा झाल्यावर एकटी गोकर्णला जाणार म्हणते, चार दिवस. नाही म्हणलं तर रुसणार, हो म्हणलं तर मला झोप नाही. काय करू?

उत्तर : हो म्हणा, आणि तुमची झोप कशी लागेल ते दोघी बसून ठरवा. ती लपून गेली नाही, सांगून जातेय, ह्याची किंमत मोठी आहे, नाही म्हणलात तर पुढच्या वेळी तुम्हाला कळणार पण नाही.

तिच्याकडनं कागदावर लिहून घ्या: गाडी, राहायचं ठिकाण, तिथला फोन नंबर. पहिल्या रात्रीचं बुकिंग आधी झालेलं पाहिजे आणि पोचायची वेळ उजेडातली पाहिजे, ह्या दोन गोष्टीत माघार घेऊ नका. ओळखपत्राची झेरॉक्स बॅगेत वेगळी. लोकेशन चालू ठेवायचं का नाही ते तिला ठरवू द्या, पण दिवसातनं दोन फोन, सकाळी एक, रात्री एक, आणि ते तिनं करायचे. मधे तुम्ही करायचा नाही, फार वाटलं तरी. फोन उचलला नाही म्हणजे ती समुद्रावर आहे, एवढंच समजायचं. ट्रेनमध्ये काही झालं तर १३९, बाहेर कुठं पण ११२, हे तिला माहिती असेल तरी एकदा म्हणून घ्या. समुद्रात एकटीनं खोल जायचं नाही, आणि पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही, गोकर्णच्या किनाऱ्यावर दगड आहेत आणि पाण्याला ओढ असते.

आणखी एक, ती आल्यावर लगेच सगळं सांग म्हणून मागं लागू नका. चार दिवसांनी भाजी निवडताना आपोआप सांगायला लागते. पैसे मात्र ती मागेल त्यापेक्षा हजार दीड हजार जास्तीचे द्या आणि ते बॅगेत वेगळ्या कप्प्यात ठेवायला लावा, न मोडता परत आणले तर तिलाच राहू देत.